उन्हातले सेल

१

दुपारची भांडी घासून उपडी घातली, ओटा कोरडा केला, की ती सेल बनवायला बसायची.

खरेखुरे नव्हेत, खेळातले. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर पंप सांभाळायचा. लग्नानंतर तो एकोणीस दिवस घरी राहिला आणि विसाव्या दिवशी चार महिन्यांसाठी निघून गेला. जाताना त्याने तिच्या लॅपटॉपवर आपला आवडता खेळ चढवून दिला. म्हणाला, "रोज तीन वाजता मला सुट्टी असते. इथे भेटू. फोनवर काय बोलणार? आई मागे उभी असते."

तिला वाटलं होतं, मारामारी असेल, नाहीतर गाड्यांची शर्यत. तसं काहीच नव्हतं. मोकळं रान, एक तळं, एक डोंगर. खणायचं, तोडायचं, बांधायचं. जिंकायचं काही नाही आणि संपायचंही नाही. तिने मनातल्या मनात म्हटलं, म्हणजे संसारच की.

डोंगराच्या पायथ्याशी त्याने दोघांसाठी घर बांधून ठेवलेलं होतं. त्याच्या गच्चीवर एक उंच दिवा होता. नवरा नव्या खाणी शोधत लांबलांब भटकायचा आणि त्या दिव्याच्या रोखाने घरी परतायचा. दिवा विझला की त्याला घर सापडत नसे. आणि दिव्याला सेल लागायचे.

सेल करायचे म्हणजे जस्ताचे दगड भट्टीत वितळवून पत्रा काढायचा, कोळसा कुटायचा, तळ्याच्या काठचं मीठ खरवडायचं, लव्हाळ्याचा कागद करायचा. मग कामाच्या टेबलावरच्या नऊ चौकोनांत मधोमध कोळसा, चार बाजूंना पत्रा आणि कोपऱ्यांत मीठ-कागद मांडला की टक्कन आवाज होऊन चार पिवळे सेल हातात पडत. एक सेल खेळातला एक दिवस पुरे, म्हणजे आपली वीस मिनिटं. मग तो राखाडी होई. त्याच्यावर माउसचा बाण नेला की पाटी उमटे: 'रिकामा सेल. पुन्हा भरता येत नाही.' रिकामे सेल टाकायला अंगणात एक आगीचा खड्डा होता. ती टाकत नसे, पेटीत भरून ठेवी. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तीनला डोंगराच्या वाटेने तो उतरताना दिसायचा. डोक्यावर त्याचं नाव तरंगत असायचं. खाली अक्षरं उमटायची, "काय सेलवाली, आज माल आहे का?"

"आहे. पण गिऱ्हाइकाचं तोंड बघून देते."

सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची. खेळात मात्र सरळ अरे-तुरे चालायचं. तेवढ्यासाठी ती सकाळपासून तीन वाजायची वाट बघायची.

२

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी ऊन यायचं आणि त्या उन्हात वेताच्या खुर्चीत सासरे बसलेले असायचे. ते बोलत नसत. "बाबांनी जन्मभर लांबच्या नोकऱ्या केल्या. आता डोकं थकलंय त्यांचं," एवढंच नवऱ्याने सांगितलं होतं. सासूबाई तासातासाला येऊन त्यांची खुर्ची थोडी फिरवायच्या, कधी उजवी बाजू उन्हात, कधी डावी.

खुर्चीशेजारी कठड्यावर एक चेपलेली ताटली असायची. तिच्यात संपलेले सेल ओळीने मांडलेले असायचे. घड्याळातले, रिमोटमधले, बेलमधले.

"आई, नवे आणू का? कोपऱ्यावरच मिळतात," तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नवे कशाला? थोडा जीव असतो त्यांच्यात. उन्हाने वर येतो." सासूबाईंनी एक सेल दाताखाली हलकेच दाबून पाहिला आणि परत ठेवला. "टाकायचं म्हटलं तर काय, काहीही टाकता येतं."

खरंच, त्या उन्हातल्या सेलांवर भिंतीवरचं घड्याळ आणखी दोन दिवस रखडत चालायचं. स्वयंपाकघराच्या फळीवर तर अशा सेलांची एक काचेची बरणी भरलेली होती. त्यातले काही इतके जुने होते की त्यांना पांढरी बुरशी धरली होती.

चारच्या सुमाराला, ऊन चांगलं मुरलं की, सासरे बोलायचे. एकच वाक्य आणि तेही तरुण माणसाच्या आवाजात. "तिकिटं काढलीत, चल."

आणि सासूबाई आतून, हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "आले, चप्पल घालते."

नवी होती तेव्हा ती एकदा धावत गेली होती. "आई, बाबा कुठेतरी निघालेत."

"कुठे नाही निघाले. तू बस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल घातली नव्हती.

३

दुसऱ्या महिन्यात त्याचं येणं कमी झालं. तासाचा अर्धा तास झाला, मग दहा मिनिटं. मग नेट नाही, मग जादा पाळी, मग काहीच नाही. ती रोज दिव्यात सेल घालायची, वीस मिनिटं डोंगराच्या वाटेकडे बघत बसायची आणि राखाडी झालेला सेल काढून पेटीत टाकायची. पेटीत चौसष्ट झाले तेव्हा पेटी भरली.

त्या दिवशी जस्त संपलं होतं आणि खाणीत उतरायचा कंटाळा आला होता. समोर गॅलरीत सासूबाईंची ताटली दिसत होती. तिने रिकामे सेल पेटीतून काढले, खेळातल्या गच्चीवर नेले आणि आठ-आठच्या ओळींत मांडून ठेवले. हाताला वळण लागतं ते असं. खेळात असं काही चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसतं मांडून बघायला काय जातंय.

खेळातला सूर्य डोक्यावरून गेला. सेल तसेच राखाडी होते. पण कडेच्या एका सेलाच्या टोकाला, नखाएवढा, पिवळा रंग आला होता.

पाटीवर अजूनही तेच होतं: 'रिकामा सेल. पुन्हा भरता येत नाही.' तिने तो उचलून दिव्यात घातला. दिवा पेटला. नेहमीसारखा पांढरा नव्हे, मंद, तांबूस. जुन्या विजेरीचा असतो तसा.

आणि डोंगराच्या वाटेने तो उतरताना दिसला.

तिने घाईघाईने लिहिलं, "आलास का? नेट आलं वाटतं."

तो काही बोलला नाही. अंगणात आला, दोन लाकडी स्टुलं केली, तळ्याकडे तोंड करून शेजारीशेजारी ठेवली. एकावर बसला. ती दुसऱ्यावर बसली. पहिल्या आठवड्यात तो असंच करायचा, मग ते सुटलं होतं. तिला एकदम भरून आलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. त्याचाच होता.

"हां, बोल पटकन. नेट आत्ता जरा आलंय."

"बोल काय? समोर तर बसलायस."

"कुठे?"

"खेळात."

"खेळ? दहा-बारा दिवसांत उघडला नाही मी. जेवतोय." ताटावर चमचा वाजल्याचं तिला स्वच्छ ऐकू आलं. मागे पंपांची घरघर होती.

पडद्यावर शेजारच्या स्टुलावरचा तो सावकाश वळला आणि तिच्याकडे बघत राहिला.

४

ती काही भोळी नव्हती. तिने आधी खेळाची हजेरीची यादी उघडली. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'शेवटची भेट: ११ दिवसांपूर्वी.' मग तिने खेळाच्या मदतकेंद्राला लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: रिकाम्या सेलांवर उन्हाचा परिणाम होत नाही, आणि या खात्यावरून अलीकडे कोणी खेळलेलं नाही. तिने स्वतःची समजूत घातली, त्याचा एखादा सहकारी असेल, गंमत करत असेल. नेट अडखळत असेल, जुनं काहीतरी उशिरा पोचत असेल. समजूत घालून झाल्यावर तिने गच्चीवर जाऊन सेल उलटे केले, म्हणजे दुसऱ्या बाजूनेही ऊन लागेल.

एकेक सेल चार-पाच मिनिटं चाले. मग राखाडी होई, मग पुन्हा उन्हात. दिवा तांबूस असेपर्यंत तो असायचा. बोलायचा नाही, पण सगळं लक्षात ठेवून करायचा. तिने एकदाच म्हटलं होतं की दाराशी झाड हवं, तर दोन लावली. तिला खालची खिडकी उंच वाटायची, ती त्याने एक वीट उतरवली.

एका दुपारी त्याने दाराशी पाटी ठोकली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला: 'तेवीस.'

ती मोठ्याने हसली. सासूबाई दारातून डोकावून गेल्या.

लग्नाच्या चौथ्या दिवशी वीज गेली होती. लिफ्ट बंद. पाहुण्यांकडून दमून आलेली ती दोघं दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली. ती जांभया देत होती आणि तो मोजत होता. "तेवीस," तो गंभीरपणे म्हणाला. ती आणखी एक देऊन म्हणाली, "चोवीस. ही धरून." मग दोघं इतकी हसली की शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं. हे जगात दोघांनाच माहीत होतं.

संध्याकाळी सासूबाई खाली गेल्यावर तिने फोनवर विचारलं, "माझ्या जांभया किती होत्या रे?"

"कसल्या जांभया?"

"जिन्यात. वीज गेली होती तेव्हा."

पलीकडे पंपांची घरघर चालली होती. "वीज गेली होती का?" तो म्हणाला.

"बरं, सेलवाली म्हण एकदा."

"काय म्हणू?"

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट होता. हल्ली तो रोज तीनच प्रश्न विचारायचा. आई कशी आहे, बाबा कसे आहेत, तू कशी आहेस. याच क्रमाने, मध्ये तेवढीच जागा सोडून. त्या दिवशी तिचं उत्तर झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आई कशी आहे?"

तिने फोन ठेवला. जे इकडे येत होतं ते तिकडून जात होतं, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. कळलं तिला. आणि तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सेल मांडले. आजच्या दिवस, असं म्हणून. फोनवरचा जो होता तो तीन प्रश्न विचारायचा, आणि स्टुलावरचा जो होता त्याने तिच्यासाठी खिडकी उतरवली होती. एकोणीस दिवसांच्या संसारात माणूस आणखी कशावर जीव लावणार?

आजच्या दिवस, आजच्या दिवस करत सोळा दिवस गेले.

५

मग तिकडच्या साहेबांचा फोन आला. माणूस सभ्य होता, शब्द जुळवत बोलत होता.

"तुमचे मिस्टर काम अगदी चोख करतात हो. तक्रार नाही. फक्त, जेवायला सांगावं लागतं. बसा म्हटलं की बसतात. उठा म्हणायचं राहिलं तर... काल सगळा दिवस बाकावर बसून होते. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आम्ही त्यांना गुरुवारी घरी पाठवतोय."

तिने लॅपटॉप उघडला. गच्चीवर चौसष्ट सेल होते. एक दिव्यात, बाकीचे ओळींत, जवळजवळ सगळेच पिवळेधमक. तो स्टुलावर बसला होता. आजवर कधी दिसला नव्हता इतका नीट दिसत होता. शर्टाच्या बाहीची घडीसुद्धा कळत होती, आणि खेळातल्या माणसांच्या शर्टांना घड्या नसतात.

जे घेतलंय ते परत गेलं पाहिजे, एवढंच तिला सुचलं. हे सेलच नसले तर ते इकडे राहील कशात? आपोआप मागे जाईल. तिला हा हिशेब बिनचूक वाटला. घाबरलेल्या माणसाला सगळेच हिशेब बिनचूक वाटतात.

तिने गच्चीवरचे सेल गोळा केले आणि आगीच्या खड्ड्यापाशी गेली. तो उठून मागोमाग आला. पहिला सेल आगीत पडला तेव्हा फुस्स आवाज झाला आणि त्याच्या बाहीची घडी गेली. दुसऱ्याला बटणं गेली. ती थांबली नाही. फुस्स, फुस्स. शर्टाचा रंग गेला, मग चेहऱ्यावरचे डोळे. डोळे नसतानाही तो तिच्याकडेच तोंड करून उभा होता. त्याने अडवलं नाही. एकदा फक्त हात पुढे केला, तिने काही द्यावं तसा.

शेवटचा आगीत गेला तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. नुसतं नाव तेवढं हवेत तरंगत होतं. मग तेही विझलं. लॅपटॉपचा पंखा गरगरत होता आणि गॅलरीतून तरुण आवाज आला, "तिकिटं काढलीत, चल."

"आले, चप्पल घालते," सासूबाई म्हणाल्या.

६

गुरुवारी दुपारी एका माणसाने त्याला दारापर्यंत आणून सोडलं, सही घेतली आणि गेला.

तो उंबऱ्यापाशी उभा राहिला. ती म्हणाली, "आत या." तो आत आला. "बूट काढा." त्याने बूट काढले आणि हातात धरून उभा राहिला. तब्येत चांगली होती, गाल भरलेले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिन्हीकडे सारखंच पाहिलं.

सासूबाई रडतील, ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी मुलाच्या हातातले बूट घेतले, जागेवर ठेवले आणि स्टूल लावून माळ्यावरून एक वेताची खुर्ची काढली. सासऱ्यांच्या खुर्चीसारखीच होती. त्या ओल्या फडक्याने ती पुसू लागल्या.

"आई, डॉक्टरकडे नेऊया."

"ने की. ह्यांनाही नेलं होतं." फडकं वेताच्या फटींतून फिरत होतं. "ह्यांच्या वेळी आमच्याकडे रेडिओ होता. दुपारी लावून बसायचे मी. सेल महाग, म्हणून उन्हात ठेवायचे. मग त्यातून ह्यांचाच आवाज यायला लागला." त्यांनी फडकं उलटं केलं. मग म्हणाल्या, "तुला बघितलं होतं मी, त्या पडद्यावर गच्चीत मांडताना. म्हटलं, शिकली पोरगी. किती ठेवलेस?"

"ठेवले नाहीत. आगीत टाकले."

फडकं थांबलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. फळीवरच्या बरणीकडे मात्र त्यांचे डोळे गेले.

"सगळे?"

तिला तेव्हा आठवलं. "एक दिव्यात राहिलाय."

"मग तेवढं तरी," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची गॅलरीत नेऊन सासऱ्यांच्या शेजारी ठेवली. "चारचा संच होता हा. मी चारही जपून ठेवल्यात."

तिने नवऱ्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं. लॅपटॉप कठड्यावर, ताटलीशेजारी उघडून ठेवला. घर तसंच होतं, दोन झाडं, उतरवलेली खिडकी, पाटी. तिने गच्चीवरच्या दिव्यातून तो एकुलता एक राखाडी सेल काढला आणि मधोमध उन्हात ठेवला. मग खाली फरशीवर बसून राहिली. सेलाकडे बघावं की नवऱ्याकडे, हे तिला ठरवता येईना.

साडेतीन वाजले. त्याच्या कानाची पाळी उन्हात लाल झाली होती. सेलाच्या टोकाला नखाएवढा पिवळा रंग आला. तिने तो उचलला नाही, दिव्यात घातला नाही. त्याच्यावर बाणही नेला नाही.

चारला थोडा वेळ असताना त्याचे ओठ हलले.

"तेवीस," तो म्हणाला.

त्याचाच आवाज, जिन्यातला. गंभीर आणि हसू दाबलेला. तिचं तोंड आपोआप उघडलं. आधी खरीखुरी जांभई आली, मग शब्द. "चोवीस. ही धरून."

तो हसला नाही. त्याची नजर समोरच्या इमारतीच्या भिंतीवर होती. पडद्यावर सेल पुन्हा राखाडी झाला होता.

शेजारून सासरे म्हणाले, "तिकिटं काढलीत, चल."

"आले, चप्पल घालते." आत भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला आणि मग सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, त्याची खुर्ची फिरव आता. एकाच बाजूने तापू द्यायचं नाही."

ती उठली आणि तिने खुर्ची फिरवली.